प्रेयान्, पात्र आणि मंडळी : एका दूरचित्रमालिकेवरील स्नेहाचा इतिहास

मराठी समीक्षेने प्रेक्षकासाठी जी नावे घडवली ती बहुतेक सगळी प्रयोगाच्या काळाशी बांधलेली आहेत. रसिक हा रसास्वाद चालू असेपर्यंत रसिक असतो. आस्वादक, भावक, सहृदय ही त्याचीच भावंडे. पडदा पडल्यानंतर तीस-चाळीस वर्षे एखाद्या नटसंचाविषयी मनात माया बाळगून राहणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हा प्रश्न आपल्या सौंदर्यशास्त्राने गंभीरपणे विचारलेला नाही. ‘चाहता’ हा शब्द आहे, पण तो वृत्तपत्रांच्या सिनेमापुरवणीतून आलेला. त्यात थोडी कीव आणि बराच उपहास मिसळलेला असतो. ज्या भावनेला नाव देताना समीक्षा ओशाळते, त्या भावनेचा इतिहास लिहिणे म्हणूनच अवघड होऊन बसते.

प्रस्तुत निबंधात अशा एका भावनेचा विचार करावयाचा आहे. तिचा विषय म्हणजे ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानकाल्पनिका आणि तिच्यातील सात नट. विचार करण्याची जागा मात्र बीड जिल्हा आहे. ही जागा विक्षिप्त वाटेल. पण ज्या प्रेक्षकाला गृहीत धरून दूरचित्रवाणीचे सारे पाश्चात्त्य सिद्धांत रचले गेले तो प्रेक्षक इथे नाही, आणि सिद्धांताची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

आधी मूळ घटना पाहू. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या वाहिनीवर जीन रॉडेनबेरी यांची ही मालिका सुरू झाली. पहिला नमुनाभाग वाहिनीने नाकारला होता. दुसरा बनवला तेव्हा पहिल्यातले एकच पात्र टिकले, ते म्हणजे टोकदार कानांचा, भावनांना दूर ठेवणारा स्पॉक. विल्यम शॅटनर, लिओनार्ड निमॉय, डिफॉरेस्ट केली, जेम्स डूहान, निशेल निकोल्स, जॉर्ज टाकेई आणि दुसऱ्या वर्षी आलेले वॉल्टर कोनिग असा संच जमला. प्रेक्षकसंख्या वाहिनीच्या अपेक्षेइतकी नव्हती. मालिका बंद होणार अशी कुणकुण लागताच १९६७-६८च्या हिवाळ्यात बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उभारली. पत्रांच्या नेमक्या संख्येवर वाद आहे. ती एवढी होती की मालिका चालू राहील असे वाहिनीला मार्च १९६८मध्ये प्रक्षेपणातच जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक ज्या वेळी घराबाहेर असतो अशी ही वेळ. ३ जून १९६९ रोजी मालिका संपली. एकूण भाग एकोणऐंशी.

स्नेहाचा इतिहास खरा इथून पुढे सुरू होतो. संपलेली मालिका गावोगावच्या स्थानिक केंद्रांना विकली गेली आणि रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा दाखवली जाऊ लागली. नव्या भागाची उत्सुकता नाही, पुढे काय होणार हा प्रश्नच नाही. अशा अवस्थेत प्रेक्षक वाढत गेला. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्क येथे तिच्या चाहत्यांचे मोठे संमेलन भरले. १९७६मध्ये अमेरिकेच्या पहिल्या अवकाशयानाचे ठरलेले नाव बदलून मालिकेतल्या यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव द्यावे यासाठी पुन्हा पत्रे गेली आणि सरकारने ते मान्य केले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी पामडेल येथे ते यान बाहेर आणले गेले तेव्हा शॅटनर वगळता हे नट समोर उभे होते. ते यान प्रत्यक्षात कधीच अंतराळात गेले नाही. वातावरणातील चाचण्यांपुरतेच वापरले गेले. काल्पनिक यान सर्वत्र फिरले आणि खरे जमिनीजवळ राहिले, हा योग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

ऐंशीच्या दशकात ही मालिका भारतात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली गेली. १९८४च्या उत्तरार्धात देशात जवळजवळ दररोज एक या गतीने प्रक्षेपक उभारले जात होते. मराठवाड्याच्या या भागाला पुढे आधार झाला तो अंबाजोगाईच्या उच्चशक्ती प्रक्षेपकाचा. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या गावी, जिथे मराठी ग्रंथरचनेचा एक आरंभबिंदू मानला जातो तिथेच, हा लोखंडी मनोरा उभा राहिला. आज ते जाळे इतिहासजमा झाले आहे. प्रसार भारतीने २०२२पर्यंत देशातले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले.

ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर गाव, अशी ती व्यवस्था होती. कृष्णधवल चित्र, वाऱ्याने फिरलेला ॲन्टेना, मध्येच जाणारी वीज आणि इंग्रजी संवाद. आमच्याकडे स्पॉकला स्पॉक असे कुणी म्हणत नसे. तो ‘कानवाला’ होता. डॉक्टर हा ‘चिडका’ आणि कप्तान हा नुसताच ‘साहेब’. कथानक काय होते हे विचारले तर दहांपैकी नऊ जणांना सांगता आले नसते. परंतु साहेब अडचणीत सापडला की कानवाला काय करील आणि चिडका त्याला कसा टोचून बोलेल, हे सगळ्यांना आधीच माहीत असे. आणि तसे घडले की ओसरीवर समाधानाचा हशा पिके. भाषा वजा केल्यावर मालिकेचे जे उरले ते म्हणजे ही माणसे आणि त्यांच्यातील अंतरे.

याला केवळ अज्ञानाची गंमत समजणे चूक ठरेल. या प्रेक्षकाची नजर आधीच एका परंपरेने घडवलेली होती. तमाशातली गवळण आठवावी. वग रोज नवा असेल, फड वेगळा असेल. पण गवळणीत कृष्ण आहे, पेंद्या आहे, मावशी आहे आणि बाजाराला निघालेल्या गवळणी आहेत. कृष्ण वाट अडवणार, पेंद्या बोबडा विनोद करणार, मावशी ठसक्यात उत्तर देणार. कुतूहल ‘काय घडेल’ याचे नसून ‘ही मंडळी आज कशी वागतील’ याचे असते. निर्णय, तर्क आणि कळवळा यांची कप्तान, स्पॉक आणि डॉक्टर यांच्यात केलेली वाटणी अशा प्रेक्षकाला शिकवावी लागली नाही.

इथे रचनेचा एक मुद्दा येतो आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली तिथेच आहे. ‘स्टार ट्रेक’चा प्रत्येक भाग जवळजवळ स्वयंपूर्ण आहे. मागच्या आठवड्यातल्या संकटाचा ओरखडाही पुढच्या भागात कप्तानाच्या अंगावर दिसत नाही. भाग ज्या क्रमाने चित्रित झाले त्या क्रमाने दाखवलेही गेले नाहीत. साहित्यसमीक्षेच्या नेहमीच्या मापाने हा दोषच. पात्रांचा विकास नाही, कालाचे भान नाही, अनुभवातून आलेले शहाणपण नाही. मात्र जिथे कथानक दर आठवड्याला पुसले जाते तिथे टिकून राहते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे संच. प्रेक्षकाची निष्ठा कथेवर बसूच शकत नाही. ती माणसांवरच बसते.

बीडच्या बाबतीत हा मुद्दा केवळ सैद्धांतिक राहत नाही. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही लाख माणसे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये राहतात. घरी म्हातारी माणसे आणि काही मुले मागे उरतात. पुष्कळ मुले बरोबर जातात आणि शाळेप्रमाणे बाकी सगळेच अर्ध्यावर सुटते. दूरचित्रमालिका हा प्रकार मुळात स्थिर घर, कायमची वीज आणि दर आठवड्याला त्याच वेळी त्याच जागी बसणारे कुटुंब गृहीत धरतो. सहा महिने गावात आणि सहा महिने फडात असलेल्या प्रेक्षकाकडून सलग कथानकाची निष्ठा मागणे हाच एक वर्गीय उद्दामपणा आहे. सुटे भाग असलेली मालिका मात्र त्याला परके करीत नाही. तो परत येतो तेव्हा कानवाला जिथे होता तिथेच असतो. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाणखान्यात बसलेला अमेरिकन होता. अशी जवळीक नियमित भेटीमुळे घट्ट होते असे त्यांना दिसले. खंडित भेटीतही ती घट्ट होते. किंबहुना परत आल्यावर ओळखीचे कुणी जागेवर सापडणे, याचे मोल स्थलांतरिताला अधिक कळते.

आता आपल्या काव्यशास्त्राकडे वळू. नटाला ‘पात्र’ का म्हणतात याचे स्पष्टीकरण अभिनवगुप्ताने मार्मिक दिले आहे. भांड्याला त्यातल्या पेयाची चव लागत नाही. ते चव घेणाऱ्यापर्यंत पोचवणारे साधन असते. रस नटात नसतो, तसा तो मूळ रामातही नसतो. तो सहृदयात असतो. साधारणीकरणाने व्यक्तीचे विशेष गळून पडतात, ही रामाची रती अशी न राहता नुसती रती होते, आणि मग आस्वाद शक्य होतो. ही उपपत्ती भव्य आहे. परंतु प्यायल्यानंतर भांडे विसरले जावे अशी तिची अपेक्षा आहे, आणि आपल्यासमोर असे प्रेक्षक आहेत जे पेय विसरले आहेत आणि भांडी जिवापाड जपून ठेवत आहेत.

या कोंडीतून निघण्याची एक वाट परंपरेनेच सुचवली होती आणि परंपरेनेच बुजवली. नवव्या शतकात रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त ‘प्रेयान्’ नावाचा आणखी एक रस मानला. त्याचा स्थायी भाव स्नेह. शृंगार नव्हे, भक्तीही नव्हे. सहवासाने येणारा, कपट नसलेला, मित्रांमध्ये असतो तसा ओलावा. अभिनवगुप्ताला हे मान्य नाही. बालकाचा आईबापांविषयीचा स्नेह भयात विसावतो, तरुणांचा मित्रांविषयीचा रतीत, लक्ष्मणासारख्याचा भावाविषयीचा धर्मवीरात. तेव्हा स्नेहाला स्वतंत्र घर कशाला, असा त्याचा युक्तिवाद. मराठीतील बहुतेक विवेचकांनी हाच निर्णय पुढे चालवला. एका प्रयोगाच्या मर्यादेत तो बरोबरही असेल, कारण एका रात्रीत स्नेह जमत नाही. पण पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या आणि आपल्याबरोबर म्हाताऱ्या होणाऱ्या संचाची कला अभिनवगुप्तासमोर नव्हती. रुद्रटाचा प्रेयान् मालिकेच्या युगात नव्याने तपासला पाहिजे, असे मला वाटते.

स्नेह नेमका कोणावर, नटावर की पात्रावर, हा प्रश्न मग अटळ होतो. लिओनार्ड निमॉय यांनी १९७५ साली आत्मचरित्र लिहिले आणि शीर्षकातच आपण स्पॉक नसल्याचे सांगितले. चाहते दुखावले. वीस वर्षांनी, १९९५मध्ये, त्यांनी दुसरे आत्मचरित्र लिहून शीर्षकातच आपण स्पॉक असल्याचे मान्य केले. लोक हा किस्सा विनोद म्हणून सांगतात; माझ्या दृष्टीने ती नटाच्या अस्तित्वावरची दोन प्रकरणांची मीमांसा आहे. दरम्यान १९८२च्या चित्रपटात स्पॉकचा मृत्यू होणार ही बातमी आधीच फुटली आणि प्रेक्षकांनी निषेधाची पत्रे पाठवली. पात्र मेले आणि पुढच्याच चित्रपटात परतले. रसशास्त्राच्या दृष्टीने हा अपराध आहे, कारण करुणाला अपरिवर्तनीयता लागते. स्नेहाला ती लागत नाही.

‘नटावर’ हे उत्तरही पुरत नाही. १९९४मध्ये टाकेई आणि निकोल्स या दोघांचीही आत्मचरित्रे आली आणि शॅटनर यांच्याशी सहकलाकारांचे संबंध किती कडवट होते ते सर्वांना कळले. पडद्यावरचे कुटुंब प्रत्यक्षात कुटुंब नव्हते. स्नेह तरीही टिकला. पात्रे खोटी ठरली तरी चालते आणि नट एकमेकांशी बोलत नसले तरी चालते, तर मग प्रेमाचा विषय या दोहोंपलीकडे असला पाहिजे. मला तो ‘मेळ’ वाटतो, म्हणजे या सात जणांच्या मधली जागा. मराठीने यासाठी फार पूर्वीच शब्द घडवला होता. नाटक करणाऱ्या संस्थेला आपण ‘मंडळी’ म्हटले. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी. आणि घरच्या माणसांनाही आपण मंडळीच म्हणतो.

गंधर्वांचा उल्लेख आला म्हणून एक साम्य नोंदवतो. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करीत राहिले. शरीर साथ देत नव्हते, कर्ज डोक्यावर होते, आणि जुना प्रेक्षक तरीही येत होता. समीक्षेने त्याला भाबडा ठरवले. १९७९पासूनच्या चित्रपटांत यानावरची मंडळीही अशीच स्थूल आणि सुरकुतलेली दिसते. प्रेक्षकाला ते दिसत नाही असे नव्हे. तो त्या सुरकुत्यांसकट पाहतो, किंवा मुख्यतः त्याच पाहायला येतो. १९९१च्या सहाव्या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर सात नटांच्या सह्या एकामागून एक उमटतात. सह्या पात्रांच्या नाहीत, नटांच्या आहेत. पण त्या यानाच्या प्रवासकथेखालीच केलेल्या आहेत.

या स्नेहाला पोटाची बाजूही होती. त्या काळच्या करारांनुसार नटांना ठरावीक पुनःप्रक्षेपणांपुरतेच मानधन मिळे. मालिका रोज दाखवली जात असताना दुय्यम भूमिका करणाऱ्यांच्या हाती त्यातले काही येत नव्हते, आणि त्याच भूमिकेच्या शिक्क्यामुळे नवे कामही मिळत नव्हते. संमेलनांची बिदागी हा त्यांचा मोठा आधार ठरला. म्हणजे ज्यांना जग वेडे म्हणत होते त्यांनी नटांना जगवले. डिसेंबर १९८६मध्ये एका विनोदी कार्यक्रमात खुद्द शॅटनर यांनीच चाहत्यांची यथेच्छ टिंगल केली. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ त्याच प्रसंगापासून केला, आणि चाहता हा बधिर ग्राहक नसून दुसऱ्याच्या रानात शिरून आपले पीक काढणारा वाचक असतो, अशी मांडणी केली. ती मुक्तिदायक होती. तिच्यात एक अडचण मात्र आहे. चाहत्याने लिहावे, नियतकालिक काढावे, कथा रचाव्यात, तरच जेन्किन्सना तो दिसतो. ‘स्पॉकनेलिया’ हे चाहत्यांचे नियतकालिक १९६७ सालीच निघाले होते; कागद होता म्हणून इतिहास झाला. ओसरीवरच्या हशाला कागद नसतो. त्याने नवे काही निर्माण केले नाही, फक्त ओळख ठेवली. ती सर्जक नाही म्हणून तिला इतिहासाबाहेर ठेवणे हे जुन्या अभिजनवादाचेच नवे रूप होय.

भारतीय दूरचित्रवाणीने स्नेहाची अशीच आणखी एक शक्ती अनुभवली, पण तिची दिशा निराळी झाली. रविवारच्या सकाळीच २५ जानेवारी १९८७पासून ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८पासून ‘महाभारत’ आले. लोक संचाला हार घालीत, हे सर्वश्रुत आहे. १९९१च्या निवडणुकीत सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठातून लोकसभेवर गेले. कृष्ण झालेले नितीश भारद्वाज १९९६मध्ये जमशेदपूरहून, तर राम झालेले अरुण गोविल थेट २०२४मध्ये मेरठहून निवडून आले. तिकडे जॉर्ज टाकेई १९७३मध्ये लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेसाठी उभे राहिले आणि थोडक्यात पडले. फरक केवळ लोकसंख्येचा नाही. ‘रामायणा’त नट देवाच्या जागी उभा होता आणि प्रेक्षक खाली, दर्शनाचे नाते उंचीचे असते आणि उंचीचे रूपांतर सत्तेत सहज होते. यानावरच्या मंडळीशी जुळलेले नाते समपातळीवरचे. कानवाल्याला कुणी नमस्कार केला नाही, त्याला हसले. रुद्रटाचा प्रेयान् भक्तीपासून वेगळा काढायचा तो याच ठिकाणी.

२८ मार्च २०२०पासून, टाळेबंदीत, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि प्रेक्षकसंख्येच्या विक्रमांची चर्चा देशभर झाली. सारा देश घरी बसून एकत्र पाहत आहे असे तेव्हा लिहिले गेले. त्याच दिवसांत बीडचे हजारो ऊसतोड कामगार हंगाम संपत आला असताना कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये अडकले होते. तपासणी करून गावी परतण्याची परवानगी त्यांना मिळाली ती एप्रिलच्या मध्यास. ‘सारा देश’ या शब्दप्रयोगात कोण मोजला जातो, हे प्रेक्षकाच्या इतिहासकाराने तिथे तपासावे.

यानावरच्या मंडळीपैकी केली १९९९मध्ये गेले, डूहान २००५मध्ये, निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ रोजी, निकोल्स ३० जुलै २०२२ रोजी. शॅटनर १३ ऑक्टोबर २०२१ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी काही मिनिटांसाठी खरोखर अवकाशाच्या सीमेवर जाऊन आले. ८ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतून एक अग्निबाण सुटला. त्याच्या वरच्या टप्प्यात रॉडेनबेरी, निकोल्स, डूहान आणि केली यांच्या अवशेषांचे अंश ठेवलेले होते आणि ते सूर्याभोवतीच्या कक्षेत सोडण्यात आले. निमॉय त्यांत नाहीत. त्यांचे दफन लॉस एंजेलिसमध्ये झाले आहे. त्या अग्निबाणाचे नाव मात्र ‘व्हल्कन’ होते. स्पॉकच्या ग्रहाचे नावही तेच.